राळेगावचा खोटा कॉल

पुण्यात कुणाला सांगितलं की यवतमाळला जाऊन आले, तर समोरचा आधी चेहरा गंभीर करतो आणि मग आवाज उतरवून विचारतो, "कामासाठी गेला होतात?" जणू तिकडे माणसं फक्त कामासाठी किंवा सांत्वनालाच जातात. मी कामासाठीच गेले होते, हे कबूल. पण काम काय होतं ते ऐकलंत तर हसाल. मी एका सहीसाठी गेले होते, आणि जिची सही हवी होती तिलाच बरोबर घेऊन गेले होते.

तिचं नाव विनया. आमच्या कंपनीत कोणतंही ॲप लोकांच्या हाती जाण्याआधी ते सगळ्यांना वापरता येतं की नाही, हे तपासणं तिचं काम. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्यांची बोटं नीट वळत नाहीत, त्या सगळ्यांना. तिला स्वतःला जन्मापासून दिसत नाही. तिचा फोन तिला पडद्यावरचं सारं वाचून दाखवतो, तेही अशा वेगानं की आपल्याला वाटावं आत दोन बायका भांडतायत. मी प्रॉडक्ट हेड. म्हणजे काय बनवायचं, कधी बनवायचं आणि बिघडलं तर बोलणी कुणी खायची, हे ठरवणारी. बोलणी बहुतेक वेळा मीच खाते.

ते बोंडअळीचं वर्ष होतं. कपाशीवर फवाऱ्यांमागून फवारे मारले जात होते आणि अळीच्या आधी फवारणारी माणसंच विषबाधेनं दवाखान्यात भरती होत होती. त्यांच्यासाठी आम्ही 'हाक' नावाचं ॲप केलं होतं. वावरात त्रास व्हायला लागला की मोठं लाल बटण दाबायचं, मग एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकवायची, की यवतमाळच्या मदत केंद्रात घंटी वाजणार आणि तिथून ॲम्ब्युलन्सची धावपळ सुरू होणार. ती सरकवायची पट्टी, म्हणजे आमच्या भाषेत स्लायडर, हीच भांडणाची जागा. ठरलेल्या सेकंदांत ती पूर्ण सरकली नाही तर कॉल रद्द. विनयाचं म्हणणं, पडदा न पाहता हे करता येत नाही, म्हणून माझी सही मिळणार नाही. आमचे संचालक जोगळेकर मीटिंगमध्ये फार सौम्यपणे म्हणाले होते, "आंधळी माणसं फवारणी करत नाहीत, विनया. दुसऱ्या टप्प्यात बघू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. शुक्रवारी यवतमाळमध्ये उद्घाटन ठरलं होतं, पाहुण्यांना निमंत्रणं गेली होती. मी विनयाला म्हटलं, चल माझ्याबरोबर, प्रत्यक्ष बघ. ती म्हणाली, "बघायला तू आहेस. मी ऐकीन." आणि गाडीत धामणगाव येईपर्यंत आमच्यात एवढंच बोलणं झालं.

यवतमाळ

धामणगावच्या स्टेशनवर घ्यायला शब्बीरभाई आले होते. पांढरी जीप, पांढरी दाढी आणि ड्रायव्हरपेक्षा मामाचा थाट. यवतमाळात शिरताच त्यांनी जीप एका गाड्यापाशी उभी केली. "मॅडम, पह्यले तर्री पोहे. खाली पोटी कायचं काम जमते?"

पुण्याच्या पोह्यांवर खोबरं, कोथिंबीर आणि लिंबाची फोड असते. ती फोड मागितली तर गाडीवाला असा बघतो की जणू आपण त्याच्या शेताचा तुकडा मागितला. इथे पोह्यांवर लाल तर्री ओतली जाते, हरभऱ्यासकट, आणि संपली की न विचारता पुन्हा. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. विनयानं शांतपणे दुसरी प्लेट घेतली आणि दोन दिवसांतलं पहिलं प्रेमळ वाक्य बोलली. "कल्याणी, तुझं नाक वाजतंय."

पुढे मोठ्या दवाखान्यावरून जाताना शब्बीरभाईंनी आपला लाडका हॉर्न वाजवला नाही. आवारातल्या झाडांखाली माणसं गाठोडी घेऊन बसली होती. एका बाईनं नवऱ्याचा सदरा मांडीवर पसरून ठेवला होता आणि ती नुसतीच त्याकडे बघत होती. "सारे फवारावालेच," शब्बीरभाई म्हणाले. "रोज कोणी ना कोणी येऊनच राह्यलं." मी विनयाला खिडकीबाहेरचं सांगायला लागले आणि मध्येच थांबले. ती म्हणाली, "सांग ना. थांबलीस का?"

मदत केंद्र म्हणजे एका दुकानावरची भाड्याची खोली, चार टेबलं, फोन आणि नर्सिंग झालेल्या मुली. त्यांची म्होरकी प्रणाली, तिकडे उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीची. तोंडानं फटकळ, हातानं चपळ. आल्या आल्या तिनं मला बाजूला घेतलं.

"मॅडम, तो स्लायडर काहाडू नका बरं. चाचणीत नुसतं बटण होतं ना, तर खिशातून कॉल, लेकराच्या हातून कॉल. एकडाव तर म्हशीनं लावला."

"म्हशीनं?"

"फोन चाऱ्यात पडलता. मी इकडून विचारून राह्यली, काय त्रास होते, आन् तिकडून नुसतं फुसफुस. मले वाटलं माणूस गेला. खोट्या कॉलपायी खऱ्याची लाइन अडते."

मला आनंद झाला. मी मोठ्यानं म्हटलं, "विनया, ऐकलंस?" ती म्हणाली, "ऐकलं. म्हैस वाचली ना?" प्रणालीला हसू आलं. मला नाही आलं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत सही हवी होती, आणि बाईंना विनोद सुचत होते.

राळेगावच्या अलीकडे

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी. इकडे कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. मी कापसाचं शेत चित्रात पाहिलेलं, गुडघ्याएवढं आणि पांढरंशुभ्र. इथलं त्या वर्षीचं झाड माझ्या डोक्याच्या वर गेलं होतं, हिरवंगार आणि दाट. मी म्हटलं, काय छान वाढलंय. शब्बीरभाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "वाढलं तेच वांधं हाये मॅडम. पऱ्हाटी कमरेपर्यंत राह्यते तवा फवारा खाली जाते. डोक्यावर गेली का माणूस नळी वर धरते आन् सारं तोंडावर येते."

आम्ही उतरलो ते वंदनाताईंच्या घरी. राळेगावच्या अलीकडच्या एका गावात बचत गट चालवणारी ही बाई. गावात आमचं ॲप पहिल्यांदा वापरून पाहायला तयार झाली तीच. "जय भीम," म्हणून तिनं आमचं स्वागत केलं, बाज झटकली, पाणी दिलं आणि विनयाचा हात धरून तिला घर दाखवलं. इथे चूल, इथे उंबरठा, इथे बाबासाहेबांचा फोटो, इथे बुद्धाची मूर्ती, सासऱ्यानं दीक्षा घेतली तेव्हापासूनची. आमच्याकडे पाहुण्याला घर दाखवतात ते फ्लॅटचं फर्निचर मिरवायला. इथे पाहुणीला कुठे ठेच लागू नये म्हणून दाखवलं गेलं.

विनयानं फोन काढला, तसा त्यातला आवाज भरधाव सुटला. वंदनाताई दचकल्या. "हे बाई कोनासंग भांडून राह्यली?"

"माझ्याशीच," विनया म्हणाली. "दिवसभर."

जेवायला ज्वारीची भाकर, पाटोडीचा रस्सा आणि ठेचा. वंदनाताईंचे यजमान देवानंद फवारणीहून तेव्हाच आले होते. दुसऱ्यांच्या वावरात रोजानं फवारायला जात. अंगानं किरकोळ, बोलण्यात मिश्कील. साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन ते माझ्यासमोर बाजेवर बसले. "दाखवा तुमचं यंत्र."

त्यांनी लाल बटण दाबलं, पट्टी सर्रकन उजवीकडे नेली, फोन टुणकन वाजला. पहिल्या फटक्यात! मग वंदनाताईंनी केलं, गटातल्या दोघी-तिघींनी केलं. एकीचंही अडलं नाही. मी विजयी मुद्रेनं विनयाकडे पाहिलं आणि मग लक्षात आलं की ती मुद्रा वाया गेली. म्हणून तोंडानं म्हटलं, "बघ. सगळ्यांना जमलं."

"सगळे बसून, हात धुऊन, सावलीत," ती म्हणाली.

माझा पारा चढला. "मग काय पाण्यात बुडवून तपासू? विनया, तुला कधीतरी 'हो' म्हणता येतं का?"

वंदनाताईंनी पटकन रस्सा वाढायला घेतला. विनयाचा चेहरा बदलला नाही. ती फक्त एवढंच म्हणाली, "येतं. अजून वेळ आली नाही." आम्ही पुण्याची माणसं दुसऱ्याच्या अंगणात भांडलो, याची लाज मला रात्रभर वाटत राहिली. पण लाज वाटली म्हणून माझं मत काही बदललं नाही. ते काम दुसऱ्या दिवसानं केलं.

वावरात

उद्घाटनासाठी मला एक छोटा व्हिडिओ हवा होता. फवारता फवारता माणसाला गरगरतं, तो धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन बसतो, फोन काढतो, बटण, पट्टी, आणि मदत निघते. देवानंदना मी तो सगळा आदल्या संध्याकाळीच समजावला होता. "म्हणजे मले पडाचं नाटक करा लागते?" ते खूश झाले. "सिनेमात घेता का मग?" वंदनाताई म्हणाल्या, "घेतीन. झाड म्हणून."

गुरुवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा ते बऱ्याच वेळापासून फवारत होते. पाठीवर बॅटरीचा पंप, तोंडाला रुमाल, अंगात पातळ सदरा. आमच्या ॲपच्या सूचनांत चष्मा, हातमोजे आणि जाड कपडे लिहिले होते. त्या उन्हात ते घालून कुणी तासभर उभं राहून दाखवावं. पऱ्हाटीत माणूस दिसतच नव्हता. शेंडे हलत होते त्यावरून कळायचं. वास मात्र धुऱ्यापर्यंत येत होता, घशाला चिकटणारा. मी विनयाला वाऱ्याच्या वरच्या बाजूला बाभळीखाली उभं केलं आणि फोनचा कॅमेरा सुरू केला.

"देवानंदभाऊ! या बाहेर. सुरू!"

शेंडे हलले. ते बाहेर आले, पाय ओढत. डोकं धरलं, एका गुडघ्यावर आले, मग धपकन बसले. मी मनात म्हटलं, काय नैसर्गिक करतोय हा माणूस! त्यांनी खिशातून फोन काढला. फवाऱ्यानं भिजू नये म्हणून इकडे सगळे फोन पातळ पिशवीत घालून वर रबर लावतात, तसाच तोही होता. बोट पडद्यावर फिरलं. फोनमधून आमच्याच ऑफिसातल्या मुलीचा गोड आवाज आला, "आपली विनंती रद्द झाली आहे."

"हरकत नाही," मी म्हटलं. "परत एकदा. फोन जरा वर धरा, दिसू दे."

पुन्हा बोट फिरलं. "आपली विनंती रद्द झाली आहे." मी अजून कॅमेऱ्यातूनच बघत होते. चेहऱ्यावर घाम चमकत होता, प्रकाश छान पडला होता. मी "वा!" म्हटलं. हे मला लिहायला नको वाटतं, पण मी "वा!" म्हटलं.

तिसऱ्यांदा तो गोड आवाज आला तसा बाभळीखालून विनया ओरडली. "कल्याणी, काल त्यांनी पहिल्या फटक्यात केलं होतं. आज का होत नाहीये?"

"अगं, नाटक..."

"रद्द व्हायचं नाटकात नव्हतं ठरलं!"

मी कॅमेरा खाली घेतला. तेवढ्यात पाण्याची कॅन घेऊन येणाऱ्या वंदनाताईंना नवऱ्याच्या तोंडातून गळणारी लाळ दिसली. त्यांनी कॅन धुऱ्यावर टेकवली आणि धावत सुटल्या. "अहो! काय झालं जी? माह्याकडे पाहा!"

"दिसून नाई राह्यलं," देवानंद म्हणाले. बोटं थरथरत होती आणि तरीही ते पट्टी शोधत होते. "सारं धुरकट... बटण कुठं गेलं वो?"

मी त्यांच्या हातून फोन घेतला. मला दिसत होतं, मी धडधाकट होते, ते ॲप मीच बनवून घेतलं होतं. पिशवी औषधानं ओली, माझी बोटं घामानं ओली. पट्टी अर्ध्यावर जाऊन परत आली. दुसऱ्यांदाही तेच. आमची गोड मुलगी म्हणाली, आपली विनंती रद्द झाली आहे. आयुष्यात कुठल्या आवाजाचा इतका राग आला नसेल.

"सोड ते," विनया चाचपडत पुढे येत म्हणाली. "गाडी!"

मी शब्बीरभाईंना हाक मारली. ॲपमधली नाही, गळ्यातली. वंदनाताईंनी पंप उतरवला, सदरा टरकावून काढला आणि कॅनमधलं पाणी नवऱ्याच्या अंगावर, डोळ्यांवर ओतलं. शेजारच्या वावरातून धावत आलेला एक म्हातारा म्हणाला, "दूध पाजा!" वंदनाताईंनी मान हलवली. "नाई पाजत. ॲपात लिवलं हाये, दूध देऊ नोका." आणि फवाऱ्याच्या औषधाची बाटली ओच्यात बांधून घेतली, डॉक्टरला दाखवायला. तेही ॲपातच होतं. आम्ही लिहिलेलं सगळं त्या बाईनं वाचलं होतं.

आणि त्याच पानावर, लक्षणांच्या यादीत, घामाच्या खाली, मी स्वतः मंजूर केलेल्या अक्षरांत लिहिलं होतं: डोळ्यांसमोर धुरकट दिसणे. हात थरथरणे. एका पानावर आम्ही लिहिलं की माणसाला दिसेनासं होईल, आणि दुसऱ्या पानावर त्याला सांगितलं की नीट बघून पट्टी सरकव. सगळ्या मीटिंगांत, सगळ्या तपासण्यांत, ही दोन पानं कुणी शेजारी शेजारी ठेवली नव्हती. विनयासुद्धा नियमावर बोट ठेवून भांडत होती. आंधळी माणसं फवारणी करत नाहीत, हे खरंच होतं. आमचा लाल बटणवाला माणूस मात्र बटण दाबायच्या वेळेलाच आंधळा होणार होता.

जीपमध्ये मागच्या सीटवर वंदनाताईंच्या मांडीवर देवानंदचं डोकं, पायाशी विनया. शब्बीरभाईंनी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. राळेगावच्या दवाखान्यात सुई टोचली, सलाईन लावलं आणि यवतमाळला न्या म्हणाले. तिथली ॲम्ब्युलन्स आधीच दुसऱ्या कुणाला घेऊन गेली होती. पुन्हा जीप. मी पुढे बसून सलाईनची बाटली वर धरली होती. हात भरून आला, पण खाली घ्यायची भीती वाटत होती.

वाटेत देवानंद दोन-तीनदा म्हणाले, "उजेड गेला काय?" ऊन रणरणत होतं. वंदनाताई प्रत्येक वेळी म्हणायच्या, "ढग आले जी." एका वळणावर देवानंदचा हात विनयाच्या हाताला लागला आणि त्यांनी तो धरला.

"ताई... तुमाले कसं जमते हे? असं राहाले?"

विनयाला रडताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं, तेव्हा पाहिलं. आवाज मात्र तिचा नेहमीसारखाच खरखरीत होता. "तुम्हाला शिकायची गरज नाही. तुम्हाला दिसणार आहे. बोलत राहा माझ्याशी. म्हशीनं कॉल लावला, ती गोष्ट माहीत आहे का?"

पुन्हा यवतमाळ

आदल्या दिवशी ज्या झाडांखाली माणसं बसलेली पाहिली होती, त्यांतल्याच एकाखाली आम्ही बसलो. दुपार कलली तेव्हा डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, डोळे लाल झालेले. "वेळेत आणलं. नजर येईल हळूहळू. एखादा-दुसरा दिवस बघू." वंदनाताईंनी त्यांना हात जोडले, मग तिथेच बसून पदर तोंडात कोंबून रडल्या. शब्बीरभाई कुठूनसा चहा घेऊन आले, सगळ्यांसाठी, अनोळखी शेजाऱ्यांसाठीसुद्धा.

माझा फोन वाजला. जोगळेकर.

"कल्याणी, सही झाली का? आणि व्हिडिओ?"

व्हिडिओ माझ्या फोनमध्ये होता. त्यात माझं "वा!" सुद्धा होतं. मी म्हटलं, "सर, उद्या उद्घाटन नाही. स्लायडर काढल्याशिवाय 'हाक' बाहेर जाणार नाही."

मग काय झालं ते मी सांगितलं. वाईट वाटल्याचं ते मनापासून म्हणाले. माणूस वाईट नाही. पण पुढे म्हणाले, "हे एक उदाहरण झालं. स्लायडर काढलास तर खोटे कॉल येतील, ढिगानं. ते केंद्र बुडेल. फवारणीचा हंगाम सुरू आहे, एकेक दिवस मोलाचा आहे. नाही म्हणणं सोपं असतं."

त्यांचं एकही वाक्य खोटं नव्हतं, तेच वाईट. एक दिवस उशीर म्हणजे कुणाच्या तरी वावरात एक दिवस. पण मला ती पट्टी दिसत होती, अर्ध्यावर जाऊन परत येणारी.

"सर, जी मदत मागता येत नाही ती नसलेलीच बरी. तिच्या भरवशावर माणूस गाडी शोधायचा राहील. मी जबाबदारी घेते."

"मग पाहुण्यांना फोन तूच कर," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी ते फोन केले, त्याच झाडाखाली बसून, एकामागून एक. एका बड्या पाहुण्यांनी मला सुनावलं की तुम्हा शहरी लोकांना शेतकऱ्याची किंमत नाही. मी "हो" म्हटलं, कारण वाद घालायला अंगात त्राण नव्हतं. सगळं संपल्यावर विनया म्हणाली, "माझी सही नव्हती म्हणून थांबवलंस?"

"नाही. माझीही नव्हती म्हणून."

तिनं चाचपत माझा चहाचा ग्लास शोधला, त्याला बोटं लावून पाहिली आणि परत ठेवला. "गार झालाय," ती म्हणाली. "दुसरा सांग."

संध्याकाळी प्रणाली दवाखान्यात आली. तिला मी म्हटलं, स्लायडर जाणार. तिनं कपाळावर हात मारला. "म्हणजे म्हशी परत येनार!" पण मग ती देवानंदच्या खाटेपाशी गेली, बराच वेळ तिथे उभी राहिली आणि बाहेर येऊन म्हणाली, "येऊ द्या. आमी पोरी वाढवून घेऊ, पाळ्या लावू."

झरी जामणीकडच्या गावांत जायचं ठरलं होतं ते राहिलंच. परतताना विनया आणि मी गाडीत भांडलो, पण आता पट्टीच्या जागी काय असावं यावर. ते भांडण पुण्यापर्यंत पुरलं. शेवटी ठरलं ते असं: पडद्यावर बोट कुठेही टेकवा, सगळा पडदाच बटण. पिशवीतून जमत नसेल तर आवाज वाढवायची कळ दाबून धरा. काही सरकवायचं नाही, काही वाचायचं नाही, गोड आवाजाची मुलगी नाही. विनयानं डोळ्यांना पट्टी बांधून, हात तेलात बुडवून आमच्या सगळ्या टीमकडून ते करून घेतलं. माझ्याकडूनही. मग तिनं सही केली. उद्घाटन झालं नाही, हार-तुरे नाहीत, 'हाक' एका सकाळी गुपचूप लोकांच्या फोनवर गेलं. कंपनीतलं पुढचं मोठं काम मला मिळालं नाही. ते का मिळालं नाही हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर

वेचणी सुरू झाल्यावर आम्ही दोघी पुन्हा यवतमाळला गेलो. शब्बीरभाई, तर्री पोहे, माझं नाक, सगळं यथासांग. मदत केंद्रात टेबलं वाढली होती आणि प्रणालीचा आवाज बसला होता.

"मॅडम, खरे कॉल आता कमी हायेत, फवारा सरला. पन खोटे! बाया वेचाले जातात, फोन ओटीत टाकतात, वरून कापूस कोंबतात, का दबलाच फोन. सकाळपासून नुसता कापूस बोलून राह्यला आमच्यासंग." ओटी म्हणजे वेचलेला कापूस टाकायला कमरेला बांधलेली झोळी. ती मी येतानाच वाटेत पाहिली होती.

मी म्हटलं, "जोगळेकर सर म्हणालेच होते."

तेवढ्यात घंटी वाजली. प्रणालीच्या समोरच्या पडद्यावर गाव आलं, राळेगावच्या अलीकडचं, आणि खाली नाव. देवानंद. दवाखान्यातून घरी गेल्यावर त्यांनी फवारणी सोडली होती, हे ठाऊक होतं. तरी मी उठून पडद्यापाशी गेले. प्रणालीनं कॉल स्पीकरवर टाकला. "देवानंदभाऊ, काय त्रास होते? बोला!"

पलीकडून उत्तर आलं नाही. नुसती सळसळ. मग लांबून बायकांचं हसणं. मग वंदनाताईंचा आवाज, फणकाऱ्याचा. "हे बोंड काहून सोडलं? अन् हे? मांगं पाहा, अर्धं वावर पांढरंच ठेवत आले. दिसत नाई काय तुमाले?"

प्रणालीनं हुश्श केलं. "पाह्यलं मॅडम? खोटा. कापू काय?"

"थांब," विनया म्हणाली. ती खुर्चीतून पुढे झुकली होती, फोनच्या अगदी जवळ. "खोटा आहे म्हणजे माणूस धड आहे. ऐकू दे."

प्रणालीचा हात थांबला. कापसाआडून देवानंदचा आवाज आला, दबलेला, पण मिश्कील, अगदी बाजेवर बसून बोलत होते तसा.

"दिसते ना बाई. सारं दिसते."